शेवटचा काळ, दुःख आणि ख्रिस्ती आशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न मंडळीच्या अभ्यासवर्गात, मयताच्या घरी आणि अलीकडे मोबाइलवर फिरणारी एखादी भयानक चित्रफीत पाहून झाल्यावर हमखास विचारले जातात. सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य असलेली शिकवण आणि ज्यांबाबत प्रामाणिक मतभेद आहेत असे मुद्दे वेगळे ठेवण्याचा येथे प्रयत्न केला आहे. जिथे लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत आले आहे, तिथे ते तसे म्हणूनच मांडले आहे.

शेवटच्या काळाबद्दल सर्व ख्रिस्ती लोक नेमके काय मानतात?

पुष्कळांना वाटते त्यापेक्षा ही यादी फारच लहान आहे. येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठवले जातील, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय होईल आणि देवाचे राज्य कायमचे स्थापन होईल, एवढ्या चार गोष्टी कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट असे सगळेच मानतात. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे ठरलेल्या मतांगिकारात (विश्वासाच्या थोडक्यात कबुलीत) ख्रिस्ताच्या न्यायासाठी येण्याचा उल्लेख आहे, आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे विस्तारलेल्या रूपात ‘त्याच्या राज्याला अंत होणार नाही’ हे शब्द आले. मोठे संकट किती वर्षांचे, ख्रिस्तविरोधी कोण, हजार वर्षे कधी सुरू होणार, यांपैकी एकही गोष्ट त्या मतांगिकारात नाही. रविवारी आपण जे मोठ्याने म्हणतो ते इतके मोजके असताना आपले वाद मात्र नेमके न म्हटलेल्या गोष्टींवरच रंगतात, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

‘प्रकटीकरण’ हे बायबलमधील शेवटचे पुस्तक म्हणजे भविष्याचे वेळापत्रक आहे काय?

ते सर्वप्रथम एक पत्र आहे, आणि ते ज्यांना लिहिले गेले ती माणसे खरी होती. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील एफेस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या सात शहरांतील मंडळ्यांना योहानाने ते पात्म बेटावरून पाठवले. हे छोटे बेट आज ग्रीसमध्ये आहे. लिहिणारा स्वतःची ओळख ‘तुमचा भाऊ आणि संकटातील भागीदार’ अशी करून देतो. दुसऱ्या शतकातील इरेनियस सांगतो की हे दर्शन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ.स. ९५ च्या सुमारास झाले. बहुतेक अभ्यासक आजही तोच काळ धरतात, तर काही जण तो सम्राट नीरोच्या नंतरच्या धामधुमीपर्यंत मागे नेतात.

या शहरांत सम्राटाची पूजा ही केवळ धार्मिक बाब नव्हती. पर्गम येथे इ.स.पू. २९ पासून ऑगस्टस आणि रोमा देवी यांच्या देवळासाठी परवानगी मिळालेली होती, आणि अशी देवळे मिळावीत म्हणून शहराशहरांत चढाओढ असे. सण, मेजवान्या, व्यवसाय करणाऱ्यांचे संघ आणि नगरातील मानमरातब हे सर्व त्या पूजेत गुंतलेले होते, त्यामुळे ‘कैसर प्रभू नव्हे, येशू प्रभू’ असे म्हणणाऱ्याला देवळाबाहेर राहून भागत नसे. त्याचा धंदा, त्याचे शेजार आणि कधी कधी त्याचा जीवही पणाला लागत असे. स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेल्या ओळी या पार्श्वभूमीवर वाचाव्यात. तिच्यावर दारिद्र्य आहे, तुरुंगवास येऊ घातला आहे, आणि तिला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. सातांपैकी फक्त स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांनाच ही सूट मिळाली आहे. याच स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ताला नाकारण्यास तयार नसल्यामुळे मारला गेला.

लावदिकीयाची गोष्ट उलट आहे. इ.स. ६० च्या भूकंपात ती कोसळली तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर तिने स्वतःला उभे केले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. ‘मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही’ हे तिच्या तोंडी घातलेले वाक्य म्हणूनच तिथल्या वाचकांना चांगलेच झोंबले असणार. एकच पुस्तक छळात असलेल्याला धीर देते आणि सुखात असलेल्याला हलवते. ते फक्त विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातील बातम्यांविषयी आहे असे मानले, तर स्मुर्णाच्या कैद्याला देवाने त्याच्या काहीच उपयोगाचे नसलेले पत्र पाठवले असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मला मान्य होण्यासारखा वाटत नाही.

मग प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील श्वापद कोण आणि त्याच्या ६६६ या आकड्याचा अर्थ काय?

जुन्या काळी हिब्रू आणि ग्रीक भाषांत अक्षरांनाच अंकांची किंमत असे, त्यामुळे नावाची बेरीज करणे हा परिचित प्रकार होता. ‘नीरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते, आणि शेवटचा ‘न’ काढून लॅटिन पद्धतीने ‘नीरो’ लिहिले की ६१६ येते. काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखरच ६१६ हा आकडा आढळतो, म्हणून या उलगड्याला बरेच वजन आहे. इ.स. ६४ मध्ये रोमला आग लागल्यावर ख्रिस्ती लोकांचा क्रूर छळ करणारा सम्राट तोच.

याचा अर्थ श्वापद नीरोबरोबर मेले असा होत नाही. दानीएलाच्या पुस्तकातील चार श्वापदे म्हणजे चार राज्यसत्ता होत्या, आणि योहानाने ती सगळी एकत्र करून एक श्वापद रंगवले आहे. जी सत्ता देवाची जागा घेऊन माणसांकडून पूजा मागते, तिच्यात ते पुन्हा दिसते. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द मात्र प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो केवळ योहानाच्या पहिल्या व दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथे तो ‘पुष्कळ ख्रिस्तविरोधी उठले आहेत’ असा अनेकवचनातही वापरलेला आहे.

बारकोड, आधार क्रमांक, करोनाची लस, या प्रत्येकाला कोणी ना कोणी श्वापदाची खूण, म्हणजे त्याच्या अनुयायांच्या हातावर किंवा कपाळावर असलेली खूण, ठरवून झाले आहे. तेराव्या अध्यायातील खुणेच्या लगेच पुढे, चौदाव्याच्या आरंभी, कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर कोकऱ्याचे व पित्याचे नाव लिहिलेले दिसते. दोन्ही खुणा निष्ठेच्या आहेत. दवाखान्यात दंडावर टोचून घेतल्याने, न कळत, कोणाची निष्ठा बदलत नाही.

हजार वर्षांच्या राज्याविषयी एवढे मतभेद का आहेत?

कारण त्याचा स्पष्ट उल्लेख बायबलमध्ये एकाच ठिकाणी, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात येतो. दुसऱ्या शतकातील जस्टिन आणि इरेनियस यांच्यासारख्यांचा ख्रिस्त येऊन पृथ्वीवर अक्षरशः हजार वर्षे राज्य करील असा विश्वास होता. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी ती वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा मंडळीचा काळ असा अर्थ लावला, आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये तोच रूढ झाला. सुवार्तेच्या प्रसाराने जग आधी सुधारेल आणि मग ख्रिस्त येईल, असे मानणारा तिसरा पक्ष अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जोरात होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा आवाज बसला. नव्या कराराच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर भाष्य लिहिणाऱ्या धर्मसुधारक कॅल्व्हिनने प्रकटीकरणावर मात्र भाष्य लिहिले नाही, हे पाहता या विषयावर थोडे सबुरीने बोलण्यात कमीपणा नाही.

विश्वासणारे अचानक उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, हे शास्त्रात आहे का?

या शिकवणीचा आधार थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. मेलेले आधी उठतील आणि मग जिवंत असलेले प्रभूला ‘सामोरे’ होण्यासाठी मेघांत घेतले जातील, असे प्रेषित पौल तिथे लिहितो. ते गुप्तपणे आणि सात वर्षांच्या महासंकटाच्या आधी घडेल, हा तपशील धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकापासून मांडला आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांच्या बायबलने तो दूरवर पोहोचवला. आपल्याकडच्या अनेक स्वतंत्र मंडळ्यांत तो आज इतका मुरला आहे की तो पूर्वापार चालत आलेला आहे असेच वाटते.

‘सामोरे होणे’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. गावात मोठा पाहुणा किंवा पालखी येणार असली की माणसे वेशीपर्यंत जातात, ती तिथून पाहुण्याबरोबर परगावी निघून जाण्यासाठी नव्हे, तर त्याला वाजतगाजत गावात आणण्यासाठी. इथला ग्रीक शब्द त्याच अर्थाचा आहे. प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोममधील बंधू पौलाला सामोरे येतात आणि त्याला घेऊन रोमकडेच वळतात. माझ्या मते पौलाच्या मनातील चित्र पृथ्वी सोडून जाण्याचे नसून राजाला घरी आणण्याचे आहे, मात्र याबाबत वेगळे मत असणारेही शास्त्र मानणारेच आहेत, हे विसरू नये.

ख्रिस्ताच्या येण्याची तारीख काढता येते काय?

येत नाही. तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाही, पुत्रालाही, ठाऊक नाही असे येशूने स्वतः सांगितले आहे (मार्क १३:३२). तरीही अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या गणितावर भिस्त ठेवून हजारो लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीची सकाळ नेहमीसारखीच उजाडली. त्या निराशेतून सावरलेल्या काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च संघटित केले. पुण्यातील त्यांच्या शिक्षणसंस्था व छपाईच्या कामामुळे हे नाव मराठी माणसाला अपरिचित नाही. त्यांनी पुढे तारखा देणे थांबवले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. अमेरिकेतील रेडिओ-उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ हा दिवस जाहीर केला, त्याच्या जाहिराती जगभर झळकल्या, आणि त्या भरवशावर काहींनी आपली साठवण खर्चून टाकली.

पहिल्या शतकातही, शेवट जवळ आला म्हणून काम सोडून बसलेली माणसे थेस्सलनीकात असावीत. ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे त्यांच्याबद्दल पौल लिहितो.

हे सर्व कलियुगाचा अंत आणि कल्की यांच्यासारखेच आहे ना?

प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे सहज सुचतो, आणि तो गैर नाही. दोन फरक मात्र मोठे आहेत. पुराणांतील कालचक्रात कलियुगानंतर पुन्हा कृतयुग येते आणि चाक फिरत राहते, तर बायबलमधील काळ एका दिशेने जाऊन पूर्णत्वाला पोहोचतो. दुसरा फरक स्वाराच्या शस्त्राचा आहे. त्याची तलवार हातात नसून तोंडातून निघते, म्हणजे ती वचनाची आहे, आणि लढाई सुरू होण्याआधीच त्याचे वस्त्र रक्तात भिजलेले आहे. पाचव्या अध्यायात योहानाला ‘सिंह जिंकला आहे’ असे सांगितले जाते. तो वळून पाहतो तर समोर वधलेले कोकरू उभे असते. प्रकटीकरणाची किल्ली मला या एका दृश्यात दिसते, आणि पुढचे सगळे विजय याच कोकऱ्याच्या नावे आहेत.

देव चांगला आहे तर एवढे दुःख का, याचे उत्तर शेवटच्या काळाच्या शिकवणीत मिळते का?

‘का’ याचे उत्तर मिळत नाही. ते मिळते असे सांगणाऱ्यापासून दुःखात असलेल्या माणसाने थोडे दूर राहावे, असे मी म्हणेन. बायबलमधील, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडे त्याच्या दुःखाची कारणे भरपूर होती आणि शेवटी देवाने रागावून त्यांनाच खोटे ठरवले.

जे मिळते ते निराळे आहे. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात, देवाच्या वचनासाठी मारल्या गेलेल्यांचे आत्मे वेदीखालून ‘हे प्रभू, कुठवर?’ असे ओरडतात. हा प्रश्न स्वर्गात विचारला जातो, विचारणारे पवित्र लोक आहेत आणि त्यांना कोणी गप्प बसवत नाही. त्यांना शुभ्र झगे दिले जातात आणि थोडा वेळ थांबायला सांगितले जाते. तक्रार ही अविश्वासाची खूण नाही, याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नसेल. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सगळ्या सृष्टीच्या कण्हण्याची तुलना प्रसूतीच्या वेणांशी करतो. मरणाऱ्याचे कण्हणे आणि बाळंतिणीचे कण्हणे कानाला सारखेच लागेल, पण बाळंतिणीच्या कण्हण्याच्या शेवटी कोणीतरी जन्माला येते.

मग एकविसाव्या अध्यायात देव माणसांच्या डोळ्यांतील प्रत्येक अश्रू पुसून टाकतो. ‘अश्रू गाळण्याचे काही कारणच नव्हते’ असे तिथे कोणी म्हणत नाही. पुसायचे तर ते गालावर असावे लागतात, आणि पुसणाऱ्याला जवळ यावे लागते. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते (योहान २०), हेही याच्याशी जुळते. ख्रिस्ती आशेत भोगलेले दुःख खोडून टाकले जात नाही. त्याचा शेवटचा शब्द मात्र काढून घेतला जातो.

आशा असेल तर मयतावर रडू नये काय?

‘रडू नका, ते देवाघरी गेले’ हे आपण प्रेमाने म्हणतो, पण पौल असे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे तो लिहितो. शोकच करू नका असे नव्हे. मरण पावलेल्या मित्राला, लाजराला, आपण थोड्याच वेळात उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. घरात माणूस गेल्यावर विधवेने डोळे कोरडे ठेवावेत अशी अपेक्षा कोणी शास्त्राच्या नावाने करू नये.

मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात माणूस कोठे असतो?

येथे पंथांत खरा फरक आहे. देवाच्या कृपेत मरण पावलेल्या पण अजून पूर्ण शुद्ध न झालेल्या आत्म्यांचे शुद्धिस्थानात शुद्धीकरण होते, असे कॅथलिक शिकवण सांगते. लिओनच्या (१२७४) आणि फ्लॉरेन्सच्या (१४३९) महासभांनी ती मांडली आणि ट्रेंटच्या महासभेने तिला दुजोरा दिला. म्हणूनच २ नोव्हेंबरला वसई, मुंबई, गोवा येथील दफनभूमींत कबरी धुऊन फुले व मेणबत्त्या लावल्या जातात आणि मृतांसाठी मिस्सा होते. प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत. त्या मरणानंतर विश्वासणारा ख्रिस्ताजवळ असतो एवढेच म्हणतात आणि त्यासाठी क्रूसावरील चोराला दिलेले ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन पुढे करतात. अ‍ॅडव्हेंटिस्ट त्या अवस्थेला झोप मानतात. तिन्ही बाजूंना शेवटी शरीराचे पुनरुत्थान मान्य आहे, आणि आत्म्याने स्वर्गात जाणे हाच अखेरचा मुक्काम नव्हे, हेही.

दहन केल्यास पुनरुत्थानात अडथळा येतो का?

नाही. समुद्रात बुडालेले आणि आगीत जाळले गेलेले हुतात्मे उठणार नाहीत असे चर्चने कधीच म्हटले नाही. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली; दफन अधिक पसंत असले तरी दहनाला मनाई नाही, आणि रक्षा उधळून न टाकता पवित्र जागी ठेवावी असे २०१६ च्या सूचनेत सांगितले आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत रीत ठरते ती बहुधा स्थानिक प्रथेने आणि, आपल्या शहरांत, जागेच्या टंचाईने.

न्यायाची शिकवण भीती घालण्यासाठी आहे का?

ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला ती सुवार्ता वाटते, हे आधी लक्षात घ्यावे. मत्तय २५ मधील न्यायाच्या दृश्यात भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र दिले की नाही आणि आजाऱ्याला व कैद्याला भेटलात की नाही, एवढेच विचारले जाते. नरक अनंत आहे, की दुष्टांचा तिथे नाश होतो, की अखेर सर्वांचे तारण होईल, यावर मतभेद जुने आहेत; बहुसंख्य चर्चेसनी पहिलेच मत धरले आहे.

हे जग नष्टच होणार असेल तर दवाखाने, शाळा, झाडे कशासाठी?

प्रकटीकरणाच्या अखेरीस माणसे वर जात नाहीत, नवे यरुशलेम खाली उतरते. ‘पाहा, मी सर्व काही नवे करतो’ असे सिंहासनावरून ऐकू येते; सर्व नव्या वस्तू करतो असे नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात अग्नीची भाषा आहे हे खरे, पण तिथेही वाट पाहायची ती नीतिमत्त्व वास करते अशा नव्या पृथ्वीची. पौल तर पुनरुत्थानावरचा आपला सर्वांत लांब अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा, ‘प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत’ या कामाच्या वाक्यावर संपवतो.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात उपासमारीने गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती कॉलऱ्याने गेले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. जागेला नाव दिले ‘मुक्ती’, आणि तिथे विहिरी, शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर त्या अखेरपर्यंत करत होत्या. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी काम थांबले नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्या मृत्यूच्या थोडे आधी ते त्यांनी हातावेगळे केले. डोळ्यांतील अश्रू पुसले जातील ही ओळ त्यांनी कोणत्या मनाने मराठीत उतरवली असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

प्रकटीकरण वाचायचे तर सुरुवात कोठून करावी?

आधी दानीएलाचा सातवा अध्याय वाचावा, म्हणजे श्वापदांची भाषा ओळखीची होते. मग पहिले तीन अध्याय सात शहरांचा नकाशा शेजारी ठेवून, त्यानंतर चौथा आणि पाचवा, आणि तिथून थेट शेवटचे दोन वाचावेत. मधले अध्याय, ज्यांत शिक्के, कर्णे आणि वाट्या येतात, ते त्यानंतर घ्यावेत. शेवट माहीत असला की त्यांची धास्ती कमी होते. शक्य तर मोठ्याने वाचावे, आणि एकट्याने नव्हे. पहिल्या अध्यायातील आशीर्वाद ‘वाचून दाखवणारा’ एक जण आणि ‘ऐकणारे’ पुष्कळ यांच्यासाठी आहे, कारण त्या सात मंडळ्यांत बहुतेकांना अक्षरओळख नव्हती आणि पत्राची प्रतही बहुधा एकच असे. सगळे बावीस अध्याय न थांबता वाचायला दीड तास पुरतो.